एच-१बी आहे म्हणून दावा फेडरल होत नाही

तुमचं सविस्तर पत्र वाचलं. इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, पासपोर्ट भारतीय, व्हिसा एच-१बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा. तीन वर्षं एका छोट्या आयटी कन्सल्टिंग कंपनीत होतात. कंपनी डेलावेअरमध्ये नोंदवलेली एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारीवजा कंपनी, कारभार सगळा टेक्ससमधल्या डॅलसहून. क्लायंटच्या बिलिंगमधला ठरावीक हिस्सा पगाराशिवाय मिळेल असं करारात लिहिलं होतं. त्यातले सुमारे ९६,००० डॉलर कंपनीने दिलेच नाहीत. मधे एक प्रोजेक्ट संपल्यावर सहा आठवडे बिनपगारी बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत रिकामं, बसवलं. शेवटी तुम्ही नोकरी बदललीत, तर ‘मुदतीआधी सोडली’ म्हणून उलट १५,००० डॉलरची नोटीस आली. मित्र म्हणतो, व्हिसा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, म्हणून केसही फेडरल. थेट नेवार्कच्या फेडरल कोर्टात टाक, तिथे कंपन्या घाबरतात. तुम्ही विचारता, टाकू का?

नका टाकू. तुमची बाजू चांगली आहे, म्हणूनच ती चुकीच्या कोर्टात अडकू नये असं मला मनापासून वाटतं.

भारतातून आलेल्या माणसाचा इथे गोंधळ होतो तो साहजिक आहे. आपल्याकडे न्यायालयांचा एकच जिना आहे. कायदा संसदेचा असो वा विधानसभेचा, पुण्यातला दिवाणी न्यायाधीश दोन्ही लावतो आणि अपील उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात जातं. अमेरिकेत असे दोन जिने शेजारी शेजारी आहेत, एक राज्याचा आणि एक फेडरल. फेडरल कोर्ट हे राज्याच्या कोर्टाच्या वरचं कोर्ट नव्हे. उलट राज्याच्या कोर्टाला जवळपास कुठलाही दावा ऐकता येतो, फेडरल कायद्याखालचे बहुतेक दावेसुद्धा. फेडरल कोर्टाला मात्र राज्यघटनेने आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नेमून दिलेलेच विषय ऐकता येतात. तुमच्यासारख्या खासगी दिवाणी दाव्याला तिथे पोचायच्या मुख्य वाटा दोन: दावा फेडरल कायद्यावर उभा असला पाहिजे, नाहीतर दोन्ही पक्षांचं नागरिकत्व वेगवेगळ्या राज्यांचं किंवा देशांचं असून रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असली पाहिजे.

पहिली वाट बघू. तुमचा दावा करारभंगाचा आहे आणि करार हा राज्याच्या कायद्याचा विषय. या गोष्टीत व्हिसा आहे, कामगार खात्याला दिलेले कागद आहेत, हे खरं; पण गोष्टीत फेडरल काहीतरी असणं पुरत नाही. तुम्ही जो हक्क मागताय तोच फेडरल कायद्यातून आलेला हवा. समोरचा बचावात फेडरल कायदा काढेल, हेही चालत नाही. १९०८ सालचा मॉटली दाम्पत्याचा निकाल यावरचा पाया मानला जातो. १८७१ मध्ये केंटकीत झालेल्या रेल्वे अपघातात दोघे जखमी झाले. तडजोड म्हणून रेल्वे कंपनीने त्यांना आयुष्यभराचा मोफत पास दिला. १९०६ मध्ये काँग्रेसने मोफत पासांवर बंदी आणली, कंपनीने पास बंद केला, आणि नवराबायको फेडरल कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकलेही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, दोन्ही वकिलांपैकी कोणीही मुद्दा काढलेला नसताना, स्वतःहून सांगितलं की हा करारभंगाचा दावा आहे, फेडरल कायदा फक्त रेल्वेच्या बचावात येतो, म्हणून इथे अधिकारक्षेत्रच नाही. त्यांना केंटकीच्या कोर्टात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तुमच्या बेंचच्या सहा आठवड्यांचं तेवढं वेगळं आहे. काम नसलं तरी एच-१बी कर्मचाऱ्याचा पगार थांबवता येत नाही, हा फेडरल नियमच आहे. पण काँग्रेसने त्याची दाद कोर्टात नव्हे, कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे ठेवली आहे. त्या नियमाच्या जोरावर थेट दावा लावणाऱ्यांना कोर्टांनी परत पाठवलं आहे. म्हणजे हा तुकडा फेडरल आहे, आणि तरीही फेडरल कोर्टाचा नाही.

आता दुसरी वाट. तुमच्या मित्राच्या सल्ल्यात थोडंफार तथ्य असेल तर ते इथे, आणि खरी मेखही इथेच आहे. रकमेचा प्रश्न नाही, तुमचे ९६,००० मर्यादेच्या वर आहेत. तुम्ही भारतीय नागरिक असल्याने परदेशी वादी म्हणून अमेरिकेतल्या राज्याच्या नागरिकावर फेडरल कोर्टात दावा लावू शकता. ग्रीनकार्ड आल्यावर हेही बदलतं: ग्रीनकार्डवाला ज्या राज्यात स्थायिक आहे, त्याच राज्याच्या नागरिकावर त्याला या वाटेने दावा लावता येत नाही.

कंपनीचं नागरिकत्व कुठलं? इथे वकीलसुद्धा चुकतात. कंपनी ‘इन्कॉर्पोरेटेड’, म्हणजे कॉर्पोरेशन, असती तर उत्तर सोपं होतं. जिथे नोंदणी ते राज्य आणि जिथून वरिष्ठ अधिकारी कारभार हाकतात ते राज्य, म्हणजे डेलावेअर आणि टेक्सस. तुम्ही सरळ आत गेला असता. पण तुमची कंपनी एलएलसी आहे, आणि एलएलसीला स्वतःचं नागरिकत्व नसतं. तिच्या प्रत्येक भागीदाराचं नागरिकत्व ते तिचं. तुम्ही लिहिलंय की भागीदार तीन आहेत. पहिला अमेरिकन नागरिक, राहतो डॅलसला. तो टेक्ससचा, अडचण नाही. दुसरा भारतीय पासपोर्टवर, ग्रीनकार्ड आहे, घर न्यू जर्सीत. म्हणजे तोही परदेशी नागरिक. तुम्ही परदेशी आणि समोरच्या बाजूलाही एक परदेशी, की ही वाट बंद. एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक जरी असा जुळला तरी दावा बाद, हा दंडक १८०६ पासूनचा आहे.

तिसऱ्या भागीदाराची गंमत वाटावी अशी स्थिती आहे, पण परिणाम गंभीर. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे आणि टेक्ससचं घर विकून तो कायमचा पुण्याला परतलाय, मुलं तिकडच्या शाळेत आहेत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने तो भारताचा नागरिक होत नाही, म्हणून तो ‘परदेशी’ धरता येत नाही. अमेरिकन आहे, पण कायमचा मुक्काम कुठल्याच राज्यात नाही, म्हणून तो कुठल्याही राज्याचाही नागरिक नाही. असा माणूस या वाटेपुरता कुठेच बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याचा वाटा एक टक्का का असेना, तो एकटा पूर्ण एलएलसीला या वाटेवरून बाजूला काढतो. बाणेर-बावधनला परतलेल्या, पण इथल्या कंपनीत भागीदारी ठेवलेल्या मंडळींची संख्या बघता हा मुद्दा आपल्या लोकांच्या भांडणांत पुन्हा पुन्हा येणार आहे.

तुम्ही म्हणाल, कोण तपासतंय? तपासतात. डिसेंबर २०२२ पासून अशा दाव्यात प्रत्येक पक्षाला नागरिकत्वाचं निवेदन सुरुवातीलाच द्यावं लागतं, एलएलसीला भागीदारांसकट. आणि सुरुवातीला निसटलं तरी हा दोष कधीही वर काढता येतो, निकालानंतर अपिलातसुद्धा. दोन्ही पक्षांनी संमती दिली तरी अधिकारक्षेत्र तयार होत नाही. दोन वर्षं लढून, जिंकून, कंपनीने अपिलात पुण्याच्या भागीदाराचा पत्ता दाखवला की सगळं शून्यावर. ४०५ डॉलरची कोर्ट फी त्यामानाने किरकोळ. वकिलाचे तास आणि साक्षीदारांच्या आठवणी परत मिळत नाहीत.

तेव्हा तुमची जागा न्यू ब्रन्सविकला, मिडलसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, लॉ डिव्हिजनमध्ये. रक्कम २०,००० च्या वर आहे म्हणून छोट्या रकमांसाठी असलेला स्पेशल सिव्हिल पार्ट नाही. याला दुय्यम पर्याय समजू नका. तुम्ही न्यू जर्सीत बसून काम केलंत, म्हणून राज्याचा वेतन कायदा तुमच्या बाजूने लावता येईल, आणि ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो चांगलाच धारदार आहे: मुदत सहा वर्षं, आणि थकलेल्या वेतनाच्या २०० टक्क्यांपर्यंत जादा भरपाई. बिलिंगमधला हिस्सा ‘वेतन’ ठरतो की बोनस, यावर कंपनी भांडेल. त्यामुळे हिस्सा कसा मोजायचा ते सांगणारं करारातलं कलम आणि दर महिन्याच्या पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, जुळवून ठेवा. फेडरल वेतन कायद्याचं एखादं कलम ‘वजन पडावं’ म्हणून दाव्यात घालू नका. त्या एका कलमामुळे कंपनीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत दावा फेडरल कोर्टात ओढून नेता येतो. नंतर ते कलम काढून टाकलं तर दावा राज्याकडे परत येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलाय, पण तोवर महिने जातात.

मात्र दाखल करण्याआधी कराराची शेवटची दोन पानं वाचा, बहुतेक जण ती वाचत नाहीत. ‘वाद फक्त डॅलस काउंटीत’ असं कलम असेल तर आधी त्याच्याशी झुंजावं लागेल, आणि टेक्ससमध्ये करारभंगाची मुदत चारच वर्षं आहे. लवादाचं कलम असेल तर वाटच वेगळी. दोन्हीपैकी काही दिसलं तर कागद न्यू जर्सीतल्या वेतन-दाव्यांच्या वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पंधरा हजारांच्या नोटिशीने झोप उडवून घेऊ नका. एच-१बी कर्मचाऱ्याने मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड वसूल करायला मनाई आहे. खऱ्या नुकसानीचा वाजवी अंदाज बांधून आधीच ठरवलेली भरपाई असेल तरच ती मागता येते, आणि दोन्हींतला फरक राज्याच्या कायद्याने ठरतो. तुमच्या पत्रातल्या उताऱ्यात सरसकट आकडा आहे, हिशेब कशाचाच नाही. नोटिशीला उत्तर द्या, पण पैसे भरू नका आणि फोनवर काही कबूल करू नका.

पत्नीच्या काळजीबद्दलही तुम्ही लिहिलंय. पगारासाठी दावा लावल्याने एच-१बी जात नाही, आणि वेतनाची तक्रार केली म्हणून कंपनीने सूड उगवणं कायद्याने मना आहे. तुमचा व्हिसा आता नव्या कंपनीकडे आहे, जुन्या मालकाच्या हातात त्याची दोरी राहिलेली नाही.

घाई एकाच गोष्टीची करा. बेंचच्या पगाराची तक्रार वेज अँड अवर विभागाकडे पगार बुडाल्यापासून बारा महिन्यांत जायला हवी, आणि तुम्ही दिलेल्या तारखांप्रमाणे त्यातले नऊ संपलेत. डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म आहे, वकील लागत नाही. बेंचच्या आठवड्यांच्या तारखा, त्या काळातल्या कोऱ्या पे-स्टब आणि ‘प्रोजेक्ट मिळेपर्यंत थांबा’ असं सांगणारे मालकाचे मेसेज जोडा, आणि दाव्याची वाट न बघता तो फॉर्म आधी पाठवा.