तुमचा प्रस्ताव नवव्या पानावर सुरू होतो

प्रश्न : ताई, आमची बायकांची छोटी संस्था आहे, २०१९ला नोंदलेली. शिरूर कासार तालुक्यातल्या तीन गावांत काम चालतं. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला निघतात. पोरं कोयत्याबरोबर जाऊ नयेत, शाळेतच राहावीत, म्हणून आम्ही धडपडतो. 'गरिबी निर्मूलन' हा विषय असलेल्या १४ फाउंडेशनांना ३८ लाखांचा प्रस्ताव पाठवला. १२ जणांचं उत्तरच नाही. दोघांनी 'आमच्या निकषांत बसत नाही' एवढंच कळवलं. आत कुणाची ओळख असावी लागते का? प्रस्ताव सोबत जोडला आहे, वाचून सांगा.
— एक कार्यकर्ती, जि. बीड

उत्तर : वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मी चौथ्या पानावर ठेवून चहा करायला उठले. रागावू नका. सात वर्षं मी मुंबईतल्या एका ट्रस्टसाठी असेच प्रस्ताव वाचत होते. त्या आधी १९ वर्षं अंबाजोगाईकडच्या एका संस्थेचे हिशोब लिहिले. म्हणजे मागणाऱ्या बाजूलाही बसले आहे आणि देणाऱ्याही.

ओळख असली तर प्रस्ताव उघडला जातो, इतकंच. मंजूर होण्याचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं. तुमच्या पहिल्या चार पानांत भारतातली गरिबी आहे, मराठवाड्याचा दुष्काळ आहे, स्त्रियांची स्थिती आहे. गरिबीवर पैसे देणाऱ्या माणसाला गरिबी असते हे माहीत असतं हो. त्याला माहीत नसतं ते तुमचं गाव. आणि ते आलं थेट नवव्या पानावर, तेही 'इतर माहिती' या मथळ्याखाली : 'गेल्या हंगामात ४६ पैकी ४१ मुलं गावात राहिली. गेलेल्या पाचांपैकी तीन मुलींची आजी त्याच वर्षी वारली होती.'

हे वाचलं आणि मी चहा खाली ठेवला. आजी आहे तिथे मूल टिकतं, आजी नाही तिथे ते आईबापाबरोबर उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहायला जातं. हे तुम्हाला ठाऊक आहे, दिल्ली-बंगळुरूच्या कचेरीत बसलेल्याला नाही. पहिलं वाक्य हेच करा. त्याच्या पाठोपाठ त्या पाच मुलांसाठी यंदा काय करणार ते लिहा : कोणत्या शेजारणीकडे राहतील, ती तयार आहे का, तिला शिधा कोण देईल.

आता ३८ लाख. त्यात इमारत आहे, दहा संगणक आहेत, एक गाडी आहे. तुमच्या ऑडिटमध्ये वर्षाचा खर्च २ लाख ८० हजार दिसतो. पावणेतीन लाख सांभाळणाऱ्या संस्थेच्या हाती कुणी एकदम ३८ लाख ठेवत नाही, आणि ठेवले तर मला तुमचीच काळजी वाटेल. शिवाय ३८ लाखांना ४६ने भागलं की एका मुलामागे ८२ हजारांवर जातात. वाचणारा हा भागाकार करतोच. पहिल्या दोन मिनिटांत करतो.

वाचणाऱ्याचा दुसरा प्रश्न ठरलेला : 'ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत ना, मग तुम्ही कशाला?' याचं उत्तर तुमच्या पत्रात आहे, प्रस्तावात मात्र नाही. टोळ्या दसऱ्यानंतर निघाल्या आणि तुमच्याकडे या वसतिगृह योजनेचं जेवण डिसेंबर संपता संपता सुरू झालं, असं तुम्ही लिहिता. मग मधल्या ६० दिवसांसाठी मागा! मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप थांबू शकत नाहीत, पोरांच्या पोटाची सोय झालेली नाही. मूल कोयत्याबरोबर जातं ते नेमकं याच फटीतून.

मी कागदावर मांडून पाहिलं. ४६ मुलं, ६० दिवस, संध्याकाळचं जेवण ४५ रुपयांप्रमाणे : १ लाख २४ हजार २००. स्वयंपाकाच्या दोघी, दोन महिने, सहा हजारांप्रमाणे २४ हजार. संध्याकाळच्या अभ्यासिकेला दोन ताई, सहा महिने, आठ हजारांप्रमाणे ९६ हजार. वर्षभर घरोघर फिरणारी, शाळेचा पट बघणारी एक कार्यकर्ती, अर्धवेळ, महिना आठ हजार : आणखी ९६ हजार. प्रवास-फोन २० हजार, हिशोब आणि ऑडिट ३० हजार. झाले ३ लाख ९० हजार २००. मुलामागे साडेआठ हजारांच्या आत. दर तुमच्या गावचे घाला, पण बांधणी अशी ठेवा. एक शून्य गेलं, पण आता हा प्रस्ताव हातात धरता येतो.

मानधनाच्या ओळी पाहून तुम्ही बिचकाल. तुमच्या बजेटमध्ये स्वयंपाकवाल्या मावशींपुढे 'सेवाभाव' असं लिहिलं आहे. मीही माझ्या पहिल्या प्रस्तावात हेच केलं होतं, आणि पाहणीला आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं होतं, "या मावशी स्वतः कुठे जेवतात?" मला उत्तर देता आलं नाही. गरिबी हटवायला निघालेल्या संस्थेनं गावातल्या सगळ्यात गरीब बाईकडून फुकट राबवून घ्यायचं, हे चांगल्या देणगीदाराला खटकतं. खटकायलाच हवं.

कागदांचं थोडक्यात. १२ए आणि ८०जी ही प्राप्तिकर सवलतीची प्रमाणपत्रं, तीन वर्षांचं ऑडिट, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद हे तुम्ही जोडलंय, छान. पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट-१ वर, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, ज्यांचं नाव आहे त्या विश्वस्त बाई २०२२मध्ये वारल्या, असं तुमच्याच वार्षिक अहवालात आहे. विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. तो कळवण्याचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, आजच्या आज टाका, उशीर माफ करण्याच्या अर्जासह. आमच्या संस्थेचा एक मंजूर निधी याच कारणानं आठ महिने अडकला होता. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

आणखी एक दार. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे ठरावीक नफा-उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, आणि त्याच कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या यादीत भूक, गरिबी, कुपोषण अगदी पहिल्या क्रमांकावर आहे. तुमचे लोक ज्या कारखान्यांना ऊस तोडतात त्यातले सहकारी कारखाने या कलमात येत नाहीत, खासगी कंपन्या येऊ शकतात. तोडणाऱ्यांच्या पोरांसाठी तोडून घेणाऱ्याकडे मागायला लाजू नका. कंपन्यांच्या या समाजकामाच्या पैशाला सीएसआर म्हणतात; त्यासाठी सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालणार नाही' असं कुणी ऐकवलं, तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, तुमच्या संस्थेच्या नाही, हे नम्रपणे सांगा.

आणि १४ ठिकाणी पाठवू नका. तिघांना पाठवा, पण त्यांनी मागच्या दोन वर्षांत कुणाला किती दिलं ते वाचून. श्रावण लागायच्या आत पाठवा. दसऱ्याला मंजुरी आली तर साठ दिवसांतले पहिले वीस पत्रव्यवहारातच जातील.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो आमच्या संस्थेला दरमहा थोडे पैसे पाठवायला तयार आहे. चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाऊ अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवणार असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फायलीत लावून ठेवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर सख्खा भाऊ असला तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो. त्या नोंदणीला साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. 'बहिणीच्या खात्यात घ्या आणि तिथून संस्थेत वळवा' असं सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. भावाला आज रात्री फोन कराल तेव्हा रकमेचं नंतर बोला, पासपोर्ट कुठला ते आधी विचारा.