काकांची एमजी टीसी उन्हात काऊन रुसते?

प्रश्न: भाऊ, मी वणीजवळच्या खेड्यातला. काकांनी सांभाळलेली १९४८ ची एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार माझ्याकडं आहे. मे महिन्यात दहा मिनिटं उभी केली की स्टार्टच होत नाही, अन् आमच्या मेकॅनिकचा एकही पाना नीट बसत नाही. काय करू?

उत्तर: गाडी ठेवलीत हेच लय मोठं काम केलं भाऊ! आता बघा, टीसीचा एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप बॉनेटच्या आतच असतो, म्हणजे आपल्या उन्हात इंजिन बंद केलं की आतली गरमी वाढते, पेट्रोलची वाफ होते अन् कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. बॉनेट उघडून गाडी सावलीत ठेवा, पाइपवर ओलं फडकं टाका, मग चावी फिरवून पंपाची टकटक ऐका. टकटक नसेल तर पंपाचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ करायला घ्या.

पान्याचं म्हणाल तर तिथं खरी गंमत आहे, १२५० सीसीच्या या इंजिनाचे आटे मेट्रिक पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, अन् व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. जुन्या बाजारात व्हिटवर्थ सेट शोधा, पण मिमीचा पाना ठोकून बसवू नका, डोकी गोल झाली की रडायची पाळी येते.

अन् हो, बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह बॉडीला जातं, आपल्या ट्रॅक्टरच्या उलट. मेकॅनिकला हे आधीच सांगा.