मिशन शाळेच्या उद्घाटनाला काय नेऊ, काय बोलू?

प्रश्न : काकू, मी इंदूरच्या एका मिशन शाळेची माजी विद्यार्थिनी. शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे आणि प्रिन्सिपल सिस्टरनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, नव्या वास्तूत रिकाम्या हातानं जाऊ नये, नारळ ने. चालेल का? प्रार्थनेच्या वेळी मी काय करू? आणि बोलू तरी काय?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. रिकाम्या हातानं जाऊ नकोसच, पण नारळ घरी राहू दे; तिथं फीत कापतात. सिस्टर आहेत म्हणजे शाळा कॅथलिक. फादर किंवा बिशप बायबलमधला उतारा वाचतील, प्रार्थना म्हणतील आणि पवित्र पाणी शिंपडत वर्गावर्गातून फिरतील. अंगावर चार थेंब उडाले तर दचकू नकोस. सगळे उठले की उठायचं, शांत उभं राहायचं. क्रूसाची खूण करायची सक्ती नसते. मी मिशन शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा टीचर्स रूममधल्या निम्म्याहून जास्त जणी टिकली लावूनच प्रार्थनेला उभ्या राहायच्या.

आता भाषण. इथे पाहुणे हमखास घोळ घालतात. इंदूर आणि मिशन म्हटलं की 1877मध्ये आलेलं कॅनेडियन मिशन आणि 1887चं ख्रिश्चन कॉलेज काढून बसतात, वर होळकरांना दोन हार घालतात. अगं, ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट! त्या परंपरेतली मंडळी पुढे 1970मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. तुझ्या सिस्टरांची शाळा त्यांनी काढलेली नाही. समोर बसलेल्या सिस्टर हसून ऐकून घेतात, पण तू तसं बोलू नकोस. ‘ज्ञानाची गंगा’ही नको, ती आधीचे तिघं आणून जातील. तुझा वर्ग कुठला, तुला कोण ओरडायचं, डबा कुठे खायचात, एवढं सांग. मागच्या रांगेतल्या जुन्या आयाबाईंनाही कळलं पाहिजे.

भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मुळीच नको. एका शाळेत इतकी आली की एक शिपायाच्या खोलीत लागलं, तेही बंद. जुनी इमारत पाडली असेल तर तिची कोनशिला कुठे गेली, ते आधी विचार. एका ठिकाणी मी ती सायकल स्टँडमागे पडलेली पाहिलीय, वर्षाच्या आकड्यांत सिमेंट भरलेलं. असं काही असेल तर माईकवर बोलू नकोस हं. चहाच्या वेळी सिस्टरना हळूच म्हण, ‘आमच्या बॅचतर्फे ही साफ करून पोर्चमध्ये बसवून देतो.’ वर्गणी काढा, गवंडी आणि सुतळीचा ओळंबा तेवढा नीट बघा. हीच तुमची भेट.

बोलणं तीन मिनिटांत आटप. तोवर बाहेर पोहे-जिलेबी मांडलेली असते आणि पोरं आधीच चुळबुळत असतात.