आधी एनबीडी वाच

अनेक आशीर्वाद.

आयस्कझी आणि एनव्हीएमई-टीसीपी, म्हणजे नेटवर्कपलीकडची डिस्क वापरायचे दोन प्रोटोकॉल, एकदमच हातात घ्यायचं ठरवलंयस, असं तुझ्या पत्रावरून कळलं. माझं ऐकशील तर आधी एनबीडी, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, वाच. तेही दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपल्याच मशीनची असल्यासारखी दाखवतं. पावेल माखेक यांनी ते १९९७ साली लिनक्ससाठी लिहिलं. कर्नलकडचा सगळा ड्रायव्हर आजही एकाच फाइलमध्ये आहे, त्यामुळे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून होतो.

एक रीड वायरवर कसा दिसतो ते बघ. फाइलसिस्टिमने ४०९६ बाइट मागितले की ब्लॉक लेयर (डिस्कच्या मागण्या हाताळणारा कर्नलचा थर) त्याची रिक्वेस्ट बनवतो आणि ड्रायव्हर सॉकेटवर २८ बाइट पाठवतो: चार बाइट मॅजिक, म्हणजे ओळखीचा ठरलेला आकडा (हेक्समध्ये २५६०९५१३), दोन फ्लॅगचे, दोन कमांडचे, आठ कुकीचे (त्या मागणीचा ओळखक्रमांक), आठ ऑफसेटचे, चार लांबीचे. साधं उत्तर १६ बाइटचं असतं: मॅजिक, एरर, तीच कुकी, आणि त्यामागून डेटा. उत्तरं मागितलेल्या क्रमानेच येतील असं नाही, कोणतं उत्तर कोणाचं हे कुकीवरूनच ठरतं. वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) हे सगळं उलगडून दाखवतो, पण पहिल्यांदा हेक्सवर बोट ठेवूनच वाच.

एक्स्पोर्टचं (सर्व्हर देऊ करतो त्या डिस्कचं) नाव, आकार, काय काय जमतं ही सुरुवातीची बोलणी एनबीडी-क्लायंट यूझरस्पेसमध्ये उरकतो आणि तयार सॉकेट कर्नलच्या हवाली करतो. सर्व्हरला फाइल, फोल्डर, परवानग्या यांतलं काही ठाऊक नसतं. म्हणून एकच एक्स्पोर्ट दोन मशीनवर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम म्हणून कधीही माउंट करू नकोस. दोघांच्या कॅश वेगळ्या असतात आणि फाइलसिस्टिमची वाट लागते.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. राइटचं उत्तर आलं म्हणजे डेटा टिकला असं नाही. तो अजून सर्व्हरच्या पेज कॅशमध्येच, म्हणजे रॅममध्येच, असू शकतो. टिकल्याची हमी हवी तर फ्लश ही वेगळी कमांड किंवा राइटवर एफयूए ('हे टिकल्यावरच उत्तर दे' सांगणारा) फ्लॅग लागतो. सुरुवातीच्या बोलण्यांत सर्व्हरने 'मला फ्लश येतं' असं सांगितलंच नाही, तर कर्नल डिस्कला कॅश नाही असं धरून चालतो, फ्लश पाठवत नाही, आणि तुझा एफसिंक (डेटा डिस्कवर पोचव असं सांगणारा कॉल) मात्र बिनदिक्कत यशस्वी होऊन परततो. डेटाबेस त्या भरवशावर कमिट झाल्याचं सांगून मोकळा होतो. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /sys मध्ये) त्या डिव्हाइसच्या क्यूखाली राइट_कॅश नावाची फाइल आहे. तिथे 'राइट थ्रू' (लिहिलेलं लगेच टिकतं असं कर्नल धरतो) दिसलं तर सर्व्हर खरंच तसा वागतो का, याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

दुसरी अवघड जागा मेमरीची. रॅम भरत आली की कर्नल डर्टी (अजून डिस्कवर न गेलेली) पानं डिस्कवर लिहून जागा करतो. पण इथे डिस्क सॉकेटपलीकडे आहे. पाठवायला टीसीपीला मेमरी हवी, उत्तर घ्यायलाही हवी, आणि नेमकी तीच संपलेली. यासाठी ड्रायव्हरमध्ये सॉक_एक्समिट हे फंक्शन शोध. तिथे सॉकेटला राखीव साठ्यातून मेमरी घ्यायची मुभा दिलेली दिसेल, आणि मेमरी मिळवण्यासाठी नवं आयओ सुरू करायला मनाई. एनबीडीवर स्वॅप (रॅममधली पानं डिस्कवर हलवणं) सुरक्षित चालावा म्हणून मेल गोरमन यांनी केलेलं काम २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये आलं. त्या पॅचेसची वर्णनं जरूर वाच, इतकं स्वच्छ लिखाण क्वचित सापडतं. सर्व्हर त्याच मशीनवर असेल तर मात्र ही सोय पुरत नाही, कारण त्या प्रोसेसलाही मेमरी लागते आणि कर्नल तिच्याच उत्तराची वाट बघत असतो. सरावाला दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) घे.

एकीवर एनबीडीकिट हा एनबीडी सर्व्हर लॉग फिल्टर (आलेली प्रत्येक मागणी नोंदवणारा) लावून चालव. दुसरीवर फाइलमध्ये लिहून एफसिंक करणारा छोटा प्रोग्राम लिही आणि लॉगमध्ये फ्लश उमटतो का बघ. नाही उमटला तर कुठे अडला ते शोध आणि मला कळव. मग आयस्कझी उघडू.