बायबलमधल्या ‘अजाजेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ काय?

हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये फक्त ४ वेळा येतो, तोही लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातच. प्रसंग योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वरासाठी, दुसरा ‘अजाजेलसाठी’. पहिला कापला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून सगळ्या इस्राएलची पापं कबूल करतो आणि बकऱ्याला रानात सोडतात. सोडून येणाऱ्यानं कपडे धुऊन, अंघोळ करूनच छावणीत शिरायचं.

अर्थाबद्दल तीन मतं आहेत. ‘निघून जाणारा बकरा’ हे जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांचं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या मते तो खडबडीत, कठीण कडा. तालमूदचा जुना गाभा असलेल्या मिश्नातही बकऱ्याच्या शिंगांना लाल लोकर बांधून त्याला कड्यावरून ढकलत, असं वर्णन आहे. तिसरं, रानातला कुणी भूत-दैत्य. ‘हनोखचं पुस्तक’ या प्राचीन ज्यू ग्रंथात याच्याशी मिळतंजुळतं नाव एका पतित देवदूताचं आहे.

मला तिसरं जास्त पटतं, कारण मूळ वाक्यात ‘परमेश्वरासाठी’ आणि ‘अजाजेलसाठी’ अशी सरळ जोडी आहे. पण म्हणून तो नैवेद्य नव्हे! पुढच्याच अध्यायात रानातल्या बोकडरूपी भुतांना बळी द्यायला सक्त मनाई आहे. पाप जिथलं तिथं पाठवून द्यायचं, एवढंच.

आपण मराठीत ‘बळीचा बकरा’ म्हणतो खरं, पण इथे बळी जातो तो परमेश्वरासाठीचा बकरा, अजाजेलसाठीचा नव्हे.