पाद्र्यांनी खरोखर शस्त्र हाती घेऊन लढाई केली आहे का?

हो, केली आहे. सगळ्यात ठळक उदाहरण मेक्सिकोचं.

मिगेल इदाल्गो हे डोलोरेस गावचे पाद्री. गावकऱ्यांना चार पैसे मिळावेत म्हणून त्यांनी तिथे रेशमाचे किडे पाळले, द्राक्षं लावली, मातीची भांडी घडवायला शिकवलं. १६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे त्यांनी चर्चची घंटा वाजवून याच लोकांना स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठवलं. वाटेत आतोतोनिल्कोच्या चर्चमधून ग्वादालुपेच्या मातेचं (मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेचं) चित्र घेतलं आणि तेच निशाण झालं. बहुतेकांच्या हातात कोयते, भाले, गोफणी.

पण झाकून ठेवू नये असंही घडलं. ग्वानाह्वातो शहरात धान्याच्या भक्कम कोठारात आसऱ्याला गेलेल्या स्पॅनिश लोकांची जमावाने कत्तल केली. इदाल्गोंना तो जमाव आवरता आला नाही, आणि मला वाटतं ही जबाबदारी त्यांच्यावर येतेच.

जानेवारी १८११ मध्ये काल्देरोनच्या पुलाजवळ त्यांचा पराभव झाला. पकडल्यावर आधी त्यांचं पाद्रीपद काढून घेतलं, मग ३० जुलैला गोळ्या घातल्या. त्यांचं आणि तीन साथीदारांची शिरं त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगली. ती १८२१ पर्यंत तिथेच होती.

पुढे लढा चालवला तोही एका पाद्र्यानेच. होसे मारिया मोरेलोस हे सेनापती म्हणून इदाल्गोंपेक्षा कितीतरी सरस होते. गुलामगिरी बंद करा, ही त्यांची १८१३ मधली लेखी मागणी होती. १८१५ मध्ये त्यांनाही गोळ्या घातल्या.