जुन्या शेडचं आरसीसी तपासताय? आधी हातोडी घ्या

रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) तूर्त बाजूला ठेवा. कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्यामुळे, जुन्या काँक्रीटचा वरचा थर कडक होतो, आकडा फुगून येतो. नवखे इथेच फसतात.

साध्या हातोडीने कॉलम-बीम ठोकत चला. बद्द आवाज आला की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय. खडूने खूण करा. प्लास्टर असेल तर आधी काढा, नाहीतर पोकळी त्याचीच निघते. आम्लाच्या टाक्यांखालचे, गटारालगतचे कॉलमचे पाय पहिले बघा.

मग दोनच गोष्टी:
- ताज्या फोडलेल्या जागी धूळ झटकून फिनॉल्फ्थॅलिन (कार्बोनेशन न झालेल्या काँक्रीटवर गुलाबी होणारं द्रावण) फवारा. गुलाबी न होणारा थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचं संरक्षण गेलं. समुद्राजवळ मात्र गुलाबी रंगावर विसंबू नका; सळई गंजवणारं क्लोराइड (खाऱ्या हवेतलं मीठ) त्यात दिसत नाही, त्यासाठी काँक्रीटचा नमुना लॅबला पाठवा.
- गंज खरवडूनच सळईचा व्यास मोजा.